ताकदीच्या गोळ्या

सिस्टरने बाटलीच्या तोंडचा कापूस काढला, गोळ्या ट्रेमध्ये ओतल्या आणि भुवया उंचावल्या.

"दोन-दोन घेता का हो?"

"नाही बाई, रोज एकच."

"मग इतक्या कमी कशा?"

थोरल्या सुनेच्या दंडावर रक्त काढायला बांधलेली रबरी पट्टी अजून सुटली नव्हती. एचआयव्ही म्हणे आधी आतड्याच्या अस्तरातल्या पहारेकरी पेशीच खातो. त्या लढाईच्या खुणा रक्तात सापडतात का, हे इथले डॉक्टर शोधत होते. सापडल्या तर बायकांच्या पोटात नळी घालावी लागणार नाही, एवढं तिला कळलं होतं, आणि त्या नळीच्या धास्तीनेच ती दर खेपेला मुकाट हात पुढे करायची. औषध कमीजास्त झालं तर खुणाही चुकतात, म्हणून गोळ्या मोजायला बाटली सोबत आणायची.

बाटली मात्र ताकदीच्या गोळ्यांची होती. औषधाचं नाव कुणी वाचू नये म्हणून गोळ्या तिच्यात भरायच्या आणि खडखडू नयेत म्हणून वर कापूस कोंबायचा. इथे येणाऱ्या निम्म्या बायका हेच करायच्या. घरी सगळ्यांच्या लेखी तिचा नवरा काविळीने गेला होता. सासूबाई तर त्या बिचाऱ्या काविळीच्या डॉक्टरचा अजून उद्धार करत.

मग तिला धाकटी जाऊ आठवली. बाळंतपणानंतर पार चिपाड झालेली. परवाच म्हणत होती, हल्ली जरा तरतरी वाटते. तिने सिस्टरला सांगितलं, जाऊच ह्यातल्या घेत असणार.

सिस्टरने बजावलं, त्यांना उद्याच घेऊन या. गोळीने आजार होत नाही, पण तपासल्याशिवाय ती कुणी घ्यायची नसते. त्यातून अंगावर पिणारं मूल.

वाटभर तिने पळवाटा शोधल्या. बाटली लपवावी, गोळ्या संपल्या म्हणावं. माहेर कधीच तुटलं होतं. हे घर सुटलं तर शिलाई मशीन घेऊन जायचं कुठे? पण धाकटीला काही झालं तर? थोरली फार घाबरली होती.

घरी धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरली टेकते न टेकते तोच बाळ रांगत येऊन तिच्या मांडीवर चढलं.

"माझ्या बाटलीतल्या गोळ्या घेतेस?"

धाकटी ओशाळली. "तुम्हाला मानवल्या, म्हटलं आपणही घ्याव्यात. रागावलात, ताई?"

"त्या ताकदीच्या नाहीत गं." थोरलीने आवाज खाली आणला. "ह्यांना कावीळ नव्हती. एचआयव्ही होता. मलाही आहे."

धाकटीच्या हातातली घडी तशीच राहिली. मग ती उठली आणि तिने बाळाला मांडीवरून उचललं. थोरलीने अडवलं नाही. गोळीने तुला आजार लागत नाही, पण उद्या दाखवून यायला हवं, एवढं तिने कसंबसं सांगितलं. जवळ घेतल्यानेही लागत नाही, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

धाकटी दाराशी पाठमोरी उभी राहिली. मग म्हणाली, "उद्या तुम्हीच चला बरोबर. मला एकटीला भीती वाटते."

"येईन."

बाळाने थोरलीकडे हात पसरले. धाकटीने त्याला दुसऱ्या, तिच्यापासून लांबच्या कडेवर घेतलं.