लोला उर्सुलाची तक्रार

मंगळवार, दिनांक अकरा मार्च, सकाळचे नऊ. स्थळ: दुमागेते शहराबाहेरील एका बारांगायचे, म्हणजे वस्तीच्या पंचायतीचे, सभागृह, जेथे शेजाऱ्यांचे तंटे न्यायालयात जाण्यापूर्वी कॅप्टनपुढे, म्हणजे वस्तीच्या निवडून आलेल्या प्रमुखापुढे, मांडावे लागतात. तक्रारदार लोला, म्हणजे आजी, उर्सुला, वय चौऱ्याहत्तर. सामनेवाला तिचा पुतण्या देलफिन. याने तिच्या दारापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवर कुंपण घातल्यामुळे ती म्हातारी भातखाचरातल्या चिखलातून ये-जा करीत होती.

मी तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. विद्यापीठाच्या कायदेविषयक साहाय्य केंद्रात, वकीलबाई सिदेन्यो यांच्या देखरेखीखाली, हे माझे पहिले प्रकरण.

न्यायालयात पक्षकाराने गप्प बसावे आणि वकिलाने बोलावे. येथे नियम नेमका उलटा, आणि तो योग्यच आहे असे माझे आजही मत आहे. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलावे. मध्ये कायदा जाणणारा कोणी नसावा. वकीलबाईंनी मला बजावले होते, "क्लारितो, बाहेरच्या बाकावर बसायचं. आत पाऊल टाकलंस, तर आजीचं नुकसान तूच करशील."

त्याआधी सहा आठवडे लोला दर गुरुवारी केंद्रात येत असे. काम दहा मिनिटांचे. ती बसे दोन तास. तिची मुले परदेशी, माझे आईवडील सिकिहोर बेटावर. केळीच्या पानात बांधलेला बुदबुद, चिकट भाताचा गोड पदार्थ, ती माझ्यापुढे सरकवी आणि बोलत राही. वर्गाबाहेर माझ्याशी बोलणारे दुसरे कोणी नव्हते. तिच्याशीही, बहुधा, नव्हते.

त्या मंगळवारी बाहेरच्या बाकावरून, खिडकीतून, मला सारे दिसत होते.

"बोला, लोला. काय झालं?" कॅप्टनने विचारले.

ती गप्प.

"बोलणार काय, कॅप!" देलफिन म्हणाला. "आमची काकू कोंबड्यांशी बोलते, माणसांशी नाही."

लोक हसले. कॅप्टनने पुन्हा विचारले. तिने पदराशी चाळा करावा तसा झग्याचा काठ चुरगाळला.

"लोला, तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, तर मला तक्रार बंद करावी लागेल."

तिने मान वळवून खिडकीकडे पाहिले. तिला आवाज फुटत नव्हता, हे केवळ मला ठाऊक होते. मी आत गेलो आणि चार मिनिटे बोललो: तारखा, मोजमाप, चिखल, काही म्हणता काही सोडले नाही.

"हा कोण?" देलफिन उभा राहिला. "केंद्रातला ना? काकूनं वकील आणलाय, कॅप! लिहून घ्या."

"मी अजून वकील नाही," मी म्हणालो.

"बोलतोस तर तसाच, भाड्यानं आणल्यासारखा!"

या वेळी कोणी हसले नाही. कॅप्टनने माझ्याकडे, मग लोलाकडे पाहिले. ती खाली बघत होती. त्याने पेनाला टोपण लावले.

"बोललास चांगलं, पोरा. पण आजची बैठक रद्द. पंधरा दिवसांनी पुन्हा बसू. तोवर कुंपण आहे तिथंच राहील. आणि लोला, त्या दिवशी तुम्ही एकट्यानंच यायचं."