आप्पांच्या नावाची बियर

निपाणीतल्या आमच्या तंबाखूच्या वखारीत आता बियर तयार होते. तिथेच करतात, तिथेच पाजतात. धाकट्या भावाने, अभिनंदनने, मला न विचारता जागा भाड्याने दिली तेव्हा मी दोन दिवस धड जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी हा म्हणतो, "अण्णा, वखारीचा इतिहास तेवढा लिहून द्या. भिंतीवर लावायचाय." जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

तरी लिहिला. नाहीतर पबवाल्यांनी कुठला तरी इंग्रज साहेब शोधून काढला असता! वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, वखार बांधली. पक्के जैन; पाणी फडक्याने गाळल्याशिवाय ते कधी प्यायले नाहीत, दिवस मावळल्यावर घास खाल्ला नाही. सकाळी दारात बसून प्रत्येक हमालाचं तोंड हुंगत. दारूचा वास आला की तो आल्या पावली घरी. शेवटी लिहिलं, 'आप्पांनी मुंगीलाही कधी दुखावलं नाही.' वाटलं, वाचून लाजतील.

लाजतात कसले! पबची मॅनेजर तेजस्वी फोनवर म्हणाली, "सर, लई भारी लिवलंय. आमच्या पहिल्या बियरचं नावच 'आप्पा' ठेवतोय!"

माझं डोकंच फिरलं. माझं कुणी ऐकेना, म्हणून तेजस्वीला घेऊन जयाबाईकडे गेलो. तिने आमच्या वखारीत तीस वर्षं तंबाखू चाळलेली. तिचं तरी ऐकतील.

जयाबाई उंबऱ्यातच बसली होती. तिची खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत आम्ही थांबलो.

"जयाबाई, हिला सांगा आप्पा कसं व्हतं. बियरला त्यांचं नाव द्यायला निघाल्यात."

"देवमाणूस," ती म्हणाली. मी तेजस्वीकडे ऐटीत पाहिलं.

"एकदा आम्ही बायका गेलतो त्यांच्याकडं. म्हटलं, आप्पा, चाळताना तंबाखूचा खकाणा छातीत जातोय, तोंडाला बांधाय फडकी द्या. पदरानं भागत न्हाय."

"मग?" तेजस्वीने विचारलं.

"म्हणालं, बघू. पाण्यातल्या किड्यांसाठी फडकं व्हतं, बाई. आमच्यासाठी न्हवतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीबी व्हता की तिथं, अण्णा. पाणी गाळत."

होतो. चांगलं आठवत होतं. मला अभिनंदनचा राग आला, तेजस्वीचा आला, म्हातारीचाही आला. सगळ्यात जास्त आप्पांचा आला, आणि त्यांच्यावर ओरडायला ते आता हयात नव्हते. खाली उंबऱ्यात बसलेल्या जयाबाईकडे बघायचीही लाज वाटत होती.

गाडीत बसल्यावर तेजस्वी हळूच म्हणाली, "सर, बियरला दुसरं नाव बघतो आम्ही. पण इतिहास तरी लावायचा न्हवं?"

मी कागद परत मागून घेतला. मुंगीची ओळ खोडली आणि तिथे लिहिलं, 'जयाबाईने आप्पांकडे तोंडाला बांधायला फडकं मागितलं.'

त्यापुढे आप्पांचं उत्तरही लिहिलं, 'बघू.'