दुसरी खाच

गाडीच्या मागच्या फळीवर ट्विलाने सगळं सामान मांडलं आणि मोजलं. बंदुकीच्या दारूच्या कुप्या पाच, एकेका बाराची एकेक. त्यांतल्या भरलेल्या चार, रिकामी एक. शिशाच्या गोळ्या नऊ. तेल लावलेल्या चिंध्या चौदा. जादा गारगोट्या दोन. रंजकेचं, म्हणजे ठिणगी धरणाऱ्या बारीक दारूचं, छोटं शिंग एक. वाटीतून नळीत जाणारं छिद्र साफ करायची बारीक तार एक.

तिने पुन्हा मोजलं. कुप्या काल रात्री पॅप घरात घेऊन गेले होते, भरून ठेवतो म्हणाले होते. दुधाच्या तपासणी प्रयोगशाळेत ती दिवसाला दोनशे नमुने मोजायची. चार आणि पाच यांत तिचा गोंधळ होणं शक्य नव्हतं.

"पॅप, माझ्या कुप्या भरल्यात ना?"

पुढच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता म्हाताऱ्याने मान वर केली. हारलन क्रायडर, वय शहात्तर, तिचा सासरा. सगळा गाव त्यांना पॅपच म्हणायचा.

"लागतात तेवढ्या आहेत," ते म्हणाले. "पाच हरणं मारायचीत का तुला? सुट्टी संपेपर्यंत एक दिसलं तरी मी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसेन."

ट्विला हसली. मग गाडीच्या आडोशाला सरकून तिने कोटाच्या आतल्या खिशातून छोटी वही काढली. पानावर दोन ओळी होत्या.

१. गाडीच्या किल्ल्या हातात, शोधत होते खिशात.
२. मला 'अर्लीन' म्हणून हाक मारली.

अर्लीन तिची सासू. जाऊन चार वर्षं झाली होती. ट्विलाने खाली तिसरी ओळ लिहिली: पाचवी कुपी भरायला विसरले.

मग पेन्सिल खिशात ठेवली.

वर्षाच्या पहिल्या दिवशी डुकराचं मटण आणि आंबवलेल्या कोबीच्या जेवणावर ड्वाइटने, तिच्या नवऱ्याने, विषय काढला होता. पॅप टेबलाच्या त्या टोकाला नातवंडांशी दंगा करत होते. ड्वाइट हळू आवाजात म्हणाला, "तुला शिकायचंय तर खुशाल शीक. पण डोळे त्यांच्यावर ठेव. पोटात दारू ठासलेली वस्तू आहे ती, ट्विला. विसरभोळ्या माणसाच्या हातात ती नको. तीन चुका दिसल्या की मला सांग. रविवारी येऊन मी बंदुकांचं कपाट उचलून नेतो."

"आणि ते काय करतील मग?"

"टीव्ही बघतील. सगळे म्हातारे बघतात."

तिला शिकायचं होतं हे खरं होतं. शरद ऋतूत पॅपनी तिला कुरणात नेऊन ठासणीच्या बंदुकीचे अकरा बार काढायला लावले होते. घोडा आपटायचा, गारगोटीची ठिणगी पडायची, गालापासून चार बोटांवर वाटीतली रंजक भसकन पेटायची आणि मग कुठे बार निघायचा. अकराही वेळा तिचे डोळे मिटले होते. "डोळे मिटूनच मारायचं तर दगड घे," पॅप म्हणाले होते. "स्वस्त पडेल."

पण त्या जाळापेक्षा तिला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. गावातल्या एलिस गँट्झच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. बाराच्या वर बार ठासला गेला होता त्याच्याकडून, आणि नळी मधोमध केळ्याच्या सालीसारखी उलगडली होती. चर्चच्या जेवणात ट्विलाने त्या हाताशी हात मिळवला होता. जिथे बोटं असायला हवीत तिथे तिच्या तळव्याला काहीच लागलं नव्हतं. ती जाणीव अजून तिच्या तळहातात होती.

म्हणून तर पॅपनी तिच्या बार ठासायच्या गजावर चाकूने दोन खाचा करून दिल्या होत्या. नळी रिकामी असली आणि गज तळापर्यंत घातला, की पहिली खाच नळीच्या तोंडाशी यायची. एक बार ठासलेला असला, की दुसरी. "आणि दुसरी खाचसुद्धा तोंडाच्या वर राहिली," पॅप म्हणाले होते, "तर चापाला हात लावायचा नाही. मला हाक मारायची. मी मेलो असलो तरी मारायची."

आता काच खरवडून झाल्यावर पॅप कुंपणापर्यंत हरणांच्या पावलांचे ठसे बघायला गेले. त्यांची बंदूक त्यांनी गाडीच्या चाकाला टेकवून ठेवली होती. ट्विलाने आपली बंदूक उचलली. काल रिकाम्या हाताने परतल्यावर रात्री तिने ती ओसरीवर बसून स्वच्छ पुसली होती. वाटी कोरडी, घोडा खाली. तिने दस्ता बर्फावर टेकवला, एक कुपी नळीत ओतली, चिंधी ठेवली, गोळी ठेवली आणि गजाने खाली दाबत नेली. गज थांबला. तिची नजर त्या टेकवलेल्या बंदुकीवर होती. ती घसरली तर? हीसुद्धा चूक धरायची का? चौथी?

"झालं?" पॅप परत येत म्हणाले.

"झालं."

तिने गज नळीखाली सरकवला.

"मग चल. रंजक बसल्या जागेवर घाल, चालताना नको."

ते डोंगराच्या उतारावर चढू लागले. हेमलॉकच्या फांद्या बर्फाने खाली आल्या होत्या आणि पॅप त्यांच्याखालून वाकून, तोंडातून ब्र न काढता चालत होते. ट्विला मागे. तिची नजर त्यांच्या नळीच्या तोंडावर होती. ते कुठे वळतंय, कुठे झुकतंय. एकदा पॅपचा पाय घसरला आणि ती झटकन बाजूला सरकली. नळी आभाळाकडेच राहिली. पॅपनी मागे वळून पाहिलं.

"भूत बघितलंस का?"

"नाही."

"मग नजरेने माझ्या पाठीला भोक पाडणं थांबव. मघापासून जाणवतंय मला."

ओढ्याच्या वरच्या अंगाला पॅपनी तिला एका आडव्या पडलेल्या ओकाशी बसवलं आणि स्वतः चाळीस पावलांवर, उजव्या हाताला, एका बीचच्या बुंध्याशी जाऊन बसले. ट्विलाने वाटीत रंजक घातली, झाकण लावलं आणि त्यावर हाताचा आडोसा धरला. मग वाट पाहणं सुरू झालं.

पहिल्या अर्ध्या तासात ओढ्याचा आवाज कळेनासा झाला. मग स्वतःच्या रक्ताचा आवाज कानात येऊ लागला. मांडीवर आडवी ठेवलेली बंदूक कालपेक्षा जड वाटत होती. पॅपनी गेल्या दोन दिवसांत अजून काय काय हाताळलं, ते ती आठवू लागली. दारूचा डबा त्यांनीच आणला. गोळ्या त्यांनीच ओतल्या. गारगोटी त्यांनीच बसवली. जो माणूस हातातल्या किल्ल्या खिशात शोधतो, त्याने बारीक दाण्याच्या जागी जाड दाण्याची दारू भरली असेल तर? किंवा उलट? तिने बंदूक गालापासून जरा लांब धरून पाहिली. तशी धरून नेम लागत नाही.

उजवीकडे पॅप इतके निश्चल बसले होते की त्यांच्या टोपीवर एक चिमणीएवढा पक्षी उतरला आणि उडून गेला.

मादी आली ती आवाज न करता. मघा जिथे झुडूप होतं तिथे आता हरीण होतं. तीस यार्ड, कदाचित थोडं कमी. मान खाली, पुढचा पाय उचललेला. ट्विलाने बंदूक खांद्याला लावली. घोडा मागे ओढताना झालेला खटका सगळ्या डोंगराने ऐकला असं तिला वाटलं. मादीने मान वर केली. ट्विलाने डोळे उघडे ठेवले. या वेळी खरंच उघडे ठेवले. तिने चाप दाबला.

गालाशी जाळ उठला. पांढरा धूर. आणि पुढे काहीच नाही.

मादी दोन उड्यांत ओढ्यापार झाली.

ट्विला बंदूक तशीच धरून राहिली. हे पॅपनी दहा वेळा सांगितलं होतं. वाटी पेटली आणि बार निघाला नाही, तर तो मेला असं समजायचं नाही. आत ठिणगी धुमसत असू शकते. नळी समोरच्या उताराकडे, आणि साठ अंक. एक. दोन. तिच्या गालावर जळक्या गंधकाचा वास चिकटला होता. नऊ. दहा. पॅप आता उठून येतील, तिला वाटलं. ते विसरतील आणि सरळ पुढून चालत येतील, ओढ्याच्या बाजूने, नळीच्या समोर. सतरा. तिला मान वळवायची नव्हती, मान वळवली तर नळी हलेल. बावीस. एलिस गँट्झचा हात. तिचा डावा तळवा लाकडाखाली ओला झाला होता. अठ्ठावीस.

"पॅप!" ती ओरडली. "येऊ नका!"

"नाही येत," उजवीकडून, जिथे ते बसले होते तिथूनच, शांत आवाज आला. "तू मोज. एकतीस."

ते दोघे मिळून मोजत राहिले. साठ झाल्यावरही पॅपनी आणखी दहा मोजले, मग तिच्या मागच्या बाजूने, वळसा घालून आले. तिच्या हातातली बंदूक त्यांनी नळी उताराकडे ठेवूनच घेतली, वाटी झाडली, घोडा खाली केला आणि बारीक तार छिद्रात घालून बाहेर काढली. तारेच्या टोकाला काळा चिखल लागला होता. त्यांनी तो अंगठ्यावर चोळून पाहिला.

"ओली आहे," ते म्हणाले. "ओल आत जाऊ नये म्हणून छिद्रात पिसाची काडी नव्हती ना घातलीस रात्री?"

"रात्री कशाला? बंदूक रिकामी होती."

पॅपनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या कमरेच्या पिशवीचं बटण काढलं, आतल्या कुप्यांवरून बोट फिरवून भरलेल्या मोजल्या आणि बटण पुन्हा लावलं.

"गज घाल," ते म्हणाले. "हळू. चेहरा नळीच्या वर आणू नकोस."

तिने बाजूला उभं राहून गज आत सोडला. तो थांबला. पहिली खाच उंच हवेत होती, तशी ती असायलाच हवी होती. दुसरीही हवेत होती.

ट्विलाने गज दाबून पाहिला. तो खाली जाईना.

"दाबू नकोस," पॅप म्हणाले. "आता ते घरी नेऊन, पाणी ओतून, स्क्रूने काढायचं. दोन्ही बार." ते आडव्या ओकावर बसले. गुडघे चोळले. "काल संध्याकाळी गाडीपाशी मी माझी बंदूक मातीच्या बांधात उडवली, कारण तिच्यात बर्फ गेला होता. आणि तुला काय सांगितलं?"

ट्विलाला पॅपच्या हातमोज्यात चकाकणाऱ्या किल्ल्या आठवल्या. आपण वही काढली, ते आठवलं. पेन्सिलचं टोक मोडलं होतं, दाताने लाकूड कुरतडून ते बाहेर काढावं लागलं, तेही आठवलं. त्याच्या मागे कुठेतरी, गाडीचं दार उघडताना पॅप पाठमोरे बोलत होते, आणि तो आवाज आता शब्द होऊन तिच्यापर्यंत आला. *वाटी झाड फक्त. गोळी राहू दे आत, उद्या कामाला येईल.*

ती बर्फात बसली. बांधातला बार ऐकून दोन्ही बंदुका रिकाम्या झाल्या असं तिने धरलं होतं.

"म्हणून चारच भरल्या होत्या," ती म्हणाली.

"पाचवी बंदुकीत होती." पॅपनी थर्मासचं झाकण काढलं, कॉफी ओतली आणि तिच्या हातात दिली. "मीही सकाळी तुझा गज बघायला हवा होता. ठशांच्या नादात राहून गेलं."

ओढ्याचा आवाज परत ऐकू येऊ लागला होता. मादी गेली होती तिथे एका फांदीवरचा बर्फ झडला होता.

पॅपनी कोटातून सुताराची घडीची पितळी पट्टी काढली आणि तिच्या पुढे धरली.

"माझ्या डोळ्यांना आता बारीक रेषा दाद देत नाहीत. तू माप. दुसरी खाच किती वर राहिलीय ते कळलं पाहिजे, म्हणजे आत नेमकं काय आहे ते कळेल."

तिने पट्टी घेतली.

"आणि लिहून ठेव," ते म्हणाले. "वही आहे ना तुझ्याकडे. दोन दिवस बघतोय, सारखी काहीतरी लिहितेस."

ट्विलाने हातमोजा दातांनी ओढून काढला. वही काढली. तीन ओळींचं पान उघडलं. पॅप तिकडे बघत नव्हते. ते ओढ्याच्या पलीकडे बघत होते. तिने पट्टीचं टोक नळीच्या तोंडावर ठेवलं, गजावर नखाने दुसरी खाच धरली, आणि डोळा पट्टीच्या रेषेत आणून दोनदा वाचलं. मग तिसऱ्या ओळीखाली आकडा घालून लिहिलं.

४. दुसऱ्या खाचेपासून नळीच्या तोंडापर्यंत, एक इंच सात सूत.