सागाच्या खांबावरची फियाट

मी एक जुनी फियाट आहे. रंग एके काळी फिकट निळा होता, आता विचारू नका. हेमलकशाच्या अलीकडे, पक्क्या रस्त्यापासून आत एका लहानशा गावात चिंचेखाली मी उभी आहे. चाकं कधीच गेली. दगडांवर माझा भार आहे आणि बॉनेटखाली लाल मुंग्यांनी बिऱ्हाड थाटलं आहे. म्हातारपणी हे चालायचंच. पण मित्रांनो, एका बाबतीत मी इतर जुन्या गाड्यांसारखी नाही. गेलं वर्षभर दिवस कलला की माझ्या ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग आपोआप खाली दबायची. विडीचा वास यायचा. उजव्या खिडकीच्या काठावर कुणीतरी कोपर टेकवायचं. घाबरू नका, मी त्याला ओळखते. तो माझा चैतू आहे, आणि त्याला जाऊन वर्ष होत आलं.

सुरुवातीपासून सांगते, म्हणजे तुम्हाला नीट कळेल. माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला. माझा आकार मात्र त्याच्या कितीतरी आधी दूर इटलीत कुणीतरी कागदावर काढला होता. तो माणूस मला कधी भेटला नाही, पण त्याचा हात मी जन्मभर अंगावर वागवला. गोल दिवे, खिडकीजवळ लहानशी तिकोनी काच, पुढे एकच लांब सीट, आणि मागे शेपटाला जेमतेम दिसेल एवढा उंचवटा. एवढंच. दागिने असे मला फारसे नव्हतेच.

मला विकत घेतलं ते चंद्रपूरचे वकील बापूराव यांनी. त्यांच्या वस्तीत आलेली ती पहिली मोटार. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माझ्या टपावर बाबासाहेबांची तसबीर असायची आणि मी इतकी हळू चालायचे, की लहान पोरंसुद्धा मला मागे टाकायची. चैतू तेव्हा नुकताच या जंगलातून कामाच्या शोधात चंद्रपूरला आलेला, अबोल, लाजाळू माणूस. वकीलसाहेबांनी त्याला गाडी शिकवली आणि ठेवून घेतलं.

रविवारी बापूराव मला स्वतः धूत. चैतू बादली घेऊन बाजूला. धुणं कमी आणि बोलणं जास्त, कारण साहेबांना माझ्याबद्दल बोलायला फार आवडायचं. एकदा त्यांनी चैतूचा ओला हात धरून माझ्या पुढच्या दिव्यावर ठेवला.

"हे रेघ पाय, चैतू. दिव्यावून निंगते, दोन्ही दरवाज्यावून जाते अन् मांगं शेपटाले संपते. मधात कुठीच अडत नाई. काढनाऱ्याले मालूम होतं, कुठी थांबाचं ते."

चैतूनं हात फिरवला आणि मान डोलावली. त्या दिवसापासून मला कापडानं पुसायचं सोडून तो तळव्यानं पुसायला लागला. कुणी मला चमकी, झालर, प्लास्टिकचे फुगे लावायला निघालं, की साहेब चिडत. म्हणत, जी मुळातच नीट आहे तिला लिंपायचं कशाला?

पुढे साहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुलगी निशा त्यांना पुण्याला घेऊन गेली. जाताना त्यांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला, डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून जरा जास्तच वेळ, आणि किल्ली चैतूच्या हातावर ठेवली. अशी मी या गावात आले.

आता खरं सांगायचं तर या रस्त्यांसाठी मी केलेलीच नव्हते. माझं पोट जमिनीला लागायचं. नाल्यातले गोटे मला खालून असे ओरबाडायचे, की चैतू दातओठ खायचा, जणू त्यालाच लागतंय. पण आजारी माणसाला हेमलकशाच्या दवाखान्यात न्यायचं झालं, की हाक मलाच. बाळंतीण असो, साप चावलेला असो, नवरी असो, विडीचा तेंदूपत्ता तोडायच्या दिवसांत दमून आलेल्या बाया असोत, मी सगळ्यांना नेलं. रस्त्यानं जाणारी माणसं मला बघून बाजूला होत नसत, हात दाखवत. हे मी अभिमानानं सांगते. गाडीचा आकार कागदावर काढणाऱ्यांचे दोन प्रकार असतात, मित्रांनो. काही जण गाडी अशी काढतात, की बघणाऱ्यानं दचकून वाट सोडावी. काही जण अशी काढतात, की बघणाऱ्याला वाटावं, आत आपल्यासाठी जागा असेल. मला काढणारा दुसऱ्या प्रकारचा होता.

या सगळ्या वर्षांत एका माणसाला मात्र पुढची सीट कधी मिळाली नाही. चैतूची बायको नीलाबाई. पुढे रोगी, पुढे गावातले मोठे, आणि नीलाबाई मागे गाठोड्यांत. चैतू दर वर्षी तिला सांगायचा, की यंदा शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला तुला पुढे बसवून नेतो. दर वर्षी नेमकं कुणीतरी तापानं फणफणायचं. नीलाबाई हसून म्हणायची, पुढच्या साली. असं करता करता माझे सुटे भाग मिळेनासे झाले, इंजिनानं मान टाकली आणि ते पुढचं साल राहूनच गेलं.

मी बंद पडले तरी चैतू मला विसरला नाही. संध्याकाळी कामं उरकली, की येऊन बसायचा. विडी पेटवायचा, कोपर खिडकीवर, दुसरा हात हँडलवर, आणि समोर बघत राहायचा. अशाच एका संध्याकाळी विडी विझली आणि तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला वाजतगाजत नेलं. आणि संध्याकाळी माझी स्प्रिंग पुन्हा दबली.

तेव्हापासून मी धास्तावलेली होते. तो काही करत नसे, बोलत नसे. पण त्याला कुठे जायचं ते सापडत नाही, हे मला सीटमधून कळायचं. तो हँडल धरायचा आणि वाट बघायचा, मी सुरू होण्याची. आणि मी सुरू होऊ शकत नव्हते. यापेक्षा जास्त त्रास मला कोणत्याच नाल्यानं दिला नाही.

नीलाबाईला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. ती रोज यायची, बाहेर उभी राहून सीटवर हात ठेवायची आणि जायची. आत कधी बसली नाही. गेलेल्या माणसाच्या शेजारी बसू नये, तो सोबत नेतो, असं इथे मानतात.

घोर वाढवला तो सुनिलनं, तिच्या मुलानं. सुनिल वाईट नाही. माझ्या पत्र्यानं एका पोराचा पाय चिरला, मागच्या सीटखाली नाग निघाला, मग त्यानं अहेरीच्या भंगारवाल्याला निरोप धाडला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. घरात ही माणसं माडिया भाषेत बोलतात. मला ती छान कळते, पण तुमच्यासाठी इकडच्या मराठीत सांगते.

"भंगार हाये ते आता, आई," सुनिल म्हणाला.

"तुहा बाप बसून राह्यला तिच्यात," नीलाबाई म्हणाली. "त्याले बी भंगारात देतं का?"

शेवटी ठरलं असं, की आधी चैतूचा खांब उभा करायचा, मग गाडी द्यायची. इथली ही जुनी रीत आहे. माणूस गेला, की गावाबाहेर त्याच्या नावानं दगड किंवा लाकडाचा खांब उभारतात. खांबावर त्याला आवडलेलं कोरतात, कुणाचा ढोल, कुणाचे बैल, कुणाची सायकल. मग तो भटकत नाही. त्याला त्याची जागा मिळते.

खांब कोरायला शेजारच्या गावचा बुधू आला. लाकूड तासायला वाकस आणि कोरायला पटाशी चालवावी ती बुधूनं. सागाचं लाकूड त्यानं मागच्या अंगणात आडवं टाकलं आणि माझ्याकडे एकदाही न बघता कामाला लागला. गाड्या त्यानं अलीकडे पुष्कळ कोरल्या होत्या. हल्ली जो तो मेलेल्यासाठी मोठी गाडी मागतो. पोरं मोबाइलवर चित्र दाखवतात आणि बुधू तसंच्या तसं उतरवतो. चैतू तर जन्माचा ड्रायव्हर, त्याला सगळ्यांत मोठी द्यावी, असं त्यानं मनापासून ठरवलं. उंच, रुंद, जाड चाकांची, बारीक तिरप्या दिव्यांची. कोरीव काम असं, की गाव बघायला लोटलं. खांब उभा राहिला, ढोल वाजले, बकरा कापला, जेवणं झाली. सुनिल म्हणाला, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याची गाडी येते.

त्या संध्याकाळी मी श्वास रोखून होते. सूर्य कलला. स्प्रिंग दबली.

नीलाबाईनं सीटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. सीट गरम होती. ती ओरडली नाही. तिनं सुनिलला हाक मारली आणि त्याचा हात त्याच जागी धरला. विडीचा वास सुनिललाही आला असावा, कारण तो इकडेतिकडे बघत राहिला, आणि घरात विडी ओढणारं आता कुणी नव्हतं. सकाळी तोच जाऊन बुधूला घेऊन आला.

बुधूला राग आला होता आणि तो त्यानं लपवला नाही. "एवढी मोठी गाडी देल्ली त्याले. अजून काय पायजे?"

"मोठी कोनं मांगली?" नीलाबाई म्हणाली. "तू काढली ते गाडी रागावून पायते, भाऊ. ह्यायची गाडी कोनावर रागावली नाई. ह्यायनं तिच्यात पाय काऊन ठेवावा?"

मग पहिल्यांदा बुधू माझ्याकडे वळला.

सबंध दिवस तो माझ्यासमोर बसून होता. आधी त्यानं पुढची जाळी पाहिली, दाराची मूठ पाहिली, दरवाज्यावरची उरलीसुरली पट्टी पाहिली. कोळशानं फळीवर काढलं आणि पुसलं. पुन्हा काढलं. सगळं जिथल्या तिथे होतं, पण मी नव्हते. त्याची चिडचिड मला दिसत होती आणि, लाज वाटते सांगायला, थोडी मजाही वाटत होती. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे असं एकटक बघत होतं.

मग उन्हं उतरली. जाळी दिसेनाशी झाली, मूठ दिसेनाशी झाली, गंज आणि पोचेही गेले. चिंचेखाली फक्त माझा आकार उरला. बुधू उठला. त्यानं डोळे मिटले आणि तळवा माझ्या पुढच्या दिव्यावर ठेवला. तिथून दरवाज्यावर, दुसऱ्या दरवाज्यावर, मागे शेपटापर्यंत. पुन्हा एकदा. साहेबांच्या सांगण्यावरून चैतूनं हात फिरवला होता, अगदी तसाच.

"अरे," तो स्वतःशीच म्हणाला, "हात कुठीच अडत नाई."

त्याच वेळी आत स्प्रिंग दबली. बुधूनं डोळे उघडले, खिडकीतून आत पाहिलं आणि हात जोडले.

उभा केलेला खांब पुन्हा काढत नाहीत. म्हणून बुधूनं त्याच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्याकडच्या बाजूला, नव्यानं कोरायला घेतलं. आता त्या खांबाला दोन गाड्या आहेत, जंगलाकडे रागीट आणि रस्त्याकडे मी. गावातले थट्टेनं म्हणतात, चैतू मालदार झाला. मला तो खांब इथून दिसत नाही, पण येणारे जाणारे सांगतात. जाळी नाही, मूठ नाही, पट्टी नाही. गोल दिवा, एक रेघ, आणि जिथे थांबायचं तिथे थांबलेली. ड्रायव्हरच्या खिडकीच्या जागी मात्र बुधूनं बोटभर खोल खळगा केला आहे. चैतूला आत का कोरलं नाही, असं कुणीतरी विचारलं. बुधू म्हणाला, मी कोरला तर तो लाकडाचा होईल. जागा ठेवली आहे, तो येऊन बसेल.

काम संपलं त्या दिवशी नीलाबाईनं खांबाला तांदूळ वाहिले आणि घरी आली. सूर्य कलला. मी वाट बघत होते. मित्रांनो, मला वाटत होतं तो जावा, आणि वाटत होतं जाऊ नये. दोन्ही एकदमच वाटत होतं.

स्प्रिंग दबली नाही. विडीचा वास आला नाही. चिंचेची पानं काचेवर पडत राहिली आणि मी रिकामी होते. जन्मात पहिल्यांदा इतकी रिकामी.

नीलाबाईनं सीटवर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"गेला," ती म्हणाली. मग ती माझ्यापुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेली, करकरणारा दरवाजा जोर लावून उघडला आणि पुढच्या सीटवर बसली. पदर सावरला. पाय नीट घेतले. शेजारची जागा मोकळी ठेवली.

सकाळी भंगारवाला येणार आहे. मला त्याचं दुःख फारसं नाही, पत्रा वितळणारच. पण तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, सायकल, शिवणयंत्र, आजोबांची खुर्ची, आणि तिला द्यायचं ठरलं असेल, तर देण्याआधी डोळे मिटून तिच्यावरून एकदा हात फिरवा. ती कुणी कशी केली आणि तिच्यात कुणाची जागा आहे, ते हाताला कळतं. मग खुशाल द्या.

नीलाबाई अजून बसून आहे. आत्ताच तिनं समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "चाल, मार्कंड्याले."

मी सुरू झाले नाही, मित्रांनो. पण सुरू व्हावंसं मला इतकं कधीच वाटलं नव्हतं.