सोमवारचा फोटो

शुभांगीचा सोमवार अंघोळीपासून सुरू व्हायचा आणि दिवेलागणीला संपायचा. मधल्या वेळात ती एक शब्दही बोलत नसे. उपास काय, पुष्कळजणी करतात; हे मौन मात्र तिनं आपणहून मागून घेतलेलं होतं. साथीच्या दुसऱ्या लाटेत निरंजनला प्राणवायू लावला होता आणि दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. तेव्हा फाटकाबाहेर उभी राहून ती महादेवाला म्हणाली होती, ह्यांना घरी येऊ दे, तुझ्या वारी मी मुकी राहीन. निरंजन घरी आला. ती बोललेलं पाळत राहिली.

निरंजनला याबद्दल काय वाटतं, ते तिला त्याच्या तोंडून कधी कळलं नाही. कळलं ते ‘पहाटपाळी’तून. ‘पहाटपाळी’ हा त्याचा फोनवरचा गट, कष्टकऱ्यांच्या बाजूनं विचार करणाऱ्यांचा. कारखान्याची पाळी त्यातल्या कुणी केली नव्हती, पण एकमेकांना कॉम्रेड म्हणायचे. कुणी हिंजवडीत, कुणी डोंबिवलीत, आणि सगळ्यांत जहाल होता तो टोरांटोत. एकदा भाजीचा भाव दाखवायला निरंजननं फोन तिच्या हातात दिला, तेव्हा वरची ओळ तिच्या नजरेस पडली : ‘आमच्या घरी दर सोमवारी अंधश्रद्धेचा संप असतो. मागण्या काहीच नाहीत, त्यामुळे वाटाघाटीही नाहीत.’ खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. तिनं फोन परत दिला. वाक्य चांगलं जमलंय, हे तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

ती त्याला ‘अहो’च म्हणायची. गटात त्यानं लिहिलं होतं, आमच्याकडे बायको नावानं हाक मारते.

दोघं परभणीकडची. निरंजनची नोकरी हिंजवडीत, म्हणून घोटावड्यात हैबतरावांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. हैबतरावांनी रस्त्याकडचं शेत विकून ही इमारत बांधली होती. पुढच्या बाजूला इंजिनिअर लोकांसाठी दोन-दोन खोल्या, मागे पत्र्याची ओळ, कामगारांसाठी. आसपासच्या कारखान्यांना माणसं पुरवायचं कंत्राटही त्यांचंच. म्हणजे मागच्या ओळीतल्या बाईचा पगार त्यांच्या हातून यायचा आणि भाडं होऊन त्यांच्याच हातात परत जायचा.

त्या ओळीत गौतमी राहायची. पलीकडच्या डोंगरातली, धरणाच्या वरच्या अंगाच्या गावची, बोलायला फटकळ. नवरा टेम्पोवर, येईल तेव्हा येणार. मुलगी जुईली दुसरीत. गौतमी प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात साच्यावर होती. साचा तापलेला, हातमोजे नाहीत. मागच्या महिन्यात एका बाईची बोटं चिकटली, तर कारखान्यातून सांगितलं गेलं, घरी तव्यावर भाजली. तेव्हापासून बायकांचं चाललं होतं की सगळ्यांनी मिळून कामगार कार्यालयात अर्ज द्यायचा. पण अर्ज जाईपर्यंत हैबतरावांना वास लागता कामा नये; लागला की कारखान्याचं फाटक बंद.

“वहिनी, तुमच्यात हळदीकुंकवाला बोलवा की आमाला,” गौतमी एकदा नळावर म्हणाली. “श्रावणी सोमवार हाय. पाळी सुटली की येतो. द्येवाच्या नावानं जमल्याव कोन संशय घेतंय? हैबतकाका सोताच फुलं धाडत्याल बगा.”

“पण मी सोमवारी बोलत नाही गं.”

“मग तर लईच ब्येस! बोलायचं आमाला हाय. तुमी निस्तं कुक्कू लावा.”

शुभांगी हसली. देवाच्या आडून काही करायचं तिच्या मनाला बोचत होतं. पण त्या भाजलेल्या बोटांना तिनंच कोरफड लावली होती. महादेवाला विचारलं, त्यानं नाही म्हटलं नाही.

हैबतरावांच्या सारजाबाईंनी खरंच परडीभर फुलं आणि बेल पाठवला. त्यांचे गुडघे जिना चढू देत नव्हते म्हणून त्या स्वतः आल्या नाहीत.

बायका आल्या. देवघरासमोर सतरंजीवर बसल्या. शुभांगीनं हळदीकुंकू लावलं, हातावर साखरफुटाणे ठेवले. गौतमीनं अर्ज वाचून दाखवला. सहीची वेळ आली तशी एकीचा हात मागे आला.

“आगं, कर की सही! सासूला इचारून येतीस व्हय?” गौतमी म्हणाली, आणि सगळ्या तोंडावर पदर धरून हसल्या.

निरंजन घरूनच काम करत होता. हसणं ऐकून तो दारात आला आणि तिथंच उभा राहिला. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी लिहिलं, त्या बायका त्याच्या घरात, त्याच्या सतरंजीवर बसून सह्या करत होत्या. त्याचे डोळे खरोखर भरून आले. शुभांगीनं ते पाहिलं आणि तिलाही बरं वाटलं. मग त्यानं फोन वर धरला.

शुभांगीनं नको म्हणून हात हलवला. त्याला वाटलं, ती देवघरासमोरून बाजूला होतेय. फोटो काढून तो आत गेलासुद्धा. बायकांच्या माना अर्जावर होत्या; कुणाला कळलं नाही.

तिनं फोन घेतला आणि लिहिलं : ‘फोटो कुठे टाकू नका.’ सोमवारी तो घरात असला तरी ती असंच लिहून कळवायची. पण रोज सकाळी ती सगळ्यांना देवाचं चित्र पाठवते म्हणून निरंजननं फोनवर तिचा आवाज केव्हाच बंद करून ठेवला होता. त्या दुपारी तो अनोळखी माणसांचं अक्षर न् अक्षर वाचत होता. तिची ओळ तशीच पडून राहिली.

ती दाराशी गेली. त्याच्या कानांवर हेडफोन, पाठ दाराकडे, पडद्यावर ऑफिसची बैठक; अशा वेळी आत यायचं नाही असं ठरलेलं. एक शब्द. ‘अहो’ एवढंच म्हणायचं होतं. तो जिभेवर आला. मग आठवलं दवाखान्याचं फाटक, आणि वाटलं, ज्याच्या श्वासासाठी मौन धरलं त्याच्याच पाठीमागे ते मोडायचं? दिवेलागणीला फार वेळ नव्हता. ती मागे फिरली आणि बायकांना निरोपाचं कुंकू लावू लागली.

दिवा लावल्या लावल्या ती म्हणाली, “अहो, तो फोटो...”

“टाकला!” निरंजनचा चेहरा उजळलेला. “अगं, काय प्रतिसाद आहे! टोरांटोवाल्यानं पहिल्यांदा माझं नाव घेऊन कौतुक केलं. आणि काळजी करू नकोस, नीट कापून टाकलाय.”

त्यानं दाखवला. खरंच नीट कापला होता. देवघर नव्हतं, समई नव्हती, हळदीकुंकवाचं तबकही नव्हतं. कॉम्रेड लोकांना खटकायला नको म्हणून. बायकांचे चेहरे मात्र एकूण एक होते. मधोमध गौतमी, हातात अर्ज.

“चेहरे?” शुभांगी म्हणाली.

“चेहरे काय?”

तिनं सांगितलं. तो पांढरा पडला. काढला लगेच. पण तोवर गटातून तो भलत्याच ठिकाणी पोचला होता. आणि गटात तर निराळंच पेटलं होतं. कुणीतरी चित्र मोठं करून पाहिलं होतं : ह्यांच्या कपाळावर ताजं कुंकू कसं? हा लढा आहे की हळदीकुंकू? त्यावर रण माजलं. दोन दिवसांत ‘पहाटपाळी’ फुटून ‘खरी पहाटपाळी’ निघाली. हातमोज्यांचा विषय दोन्हीकडे निघाला नाही.

हैबतराव गुरुवारी आले. सोफ्यावर टेकले, चहा घेतला, मग फोन काढून तो फोटो निरंजनपुढे धरला.

“आमच्या इंद्रजितनं दावला. पुतन्या माजा. पोरगं दिसभर त्यातच आसतंय. सतरंजी वळखीची वाटली.”

निरंजन घसा साफ करून इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. 

“तुमाला काय बोलायचं न्हाई, सायेब. तुमी शिकलेली मान्सं. बाकीच्या बाया रडल्या, माफी मागितली, त्येंला ठिवलंय. पर त्या गौतमीचा ताठा लई. तिचं फाटक बंद. खोली बी रिकामी कराया सांगितलीय.” मग ते शुभांगीकडे वळले. “सूनबाई, चहा फस्कलास. पुढच्या सोमवारी बेल आनि धाडू का?”

ते गेल्यावर शुभांगी म्हणाली, “आपण तिच्याबरोबर कामगार कार्यालयात जाऊ. अर्ज आपल्या घरात झाला, तुम्ही तसं सांगा.”

“भावनेच्या भरात काही करायचं नसतं, शुभा. माझ्या कंपनीत कळलं तर? आणि आपला भाडेकरार आहे. ह्याकडे रणनीती म्हणून बघायला हवं.”

रात्रीच्या जेवणाआधी त्यानं लांबलचक आत्मटीका लिहिली. आपल्या वर्गाच्या मर्यादा, सोयीस्कर डावेपणा, सगळं. दोन्ही गटांत टाकली. दोन्हीकडे वाखाणली गेली.

शनिवारी गौतमीचा नवरा टेम्पो घेऊन आला. शेगडी, गादी, पत्र्याची पेटी. जुईली पुढच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. शुभांगी डब्यात वड्या घेऊन खाली गेली.

“वहिनी,” गौतमी दोरी आवळत म्हणाली, “फोटू काडला तवा तुमी बगितलं व्हतं?”

“हो.”

“मंग?”

“सोमवार होता.”

गौतमीनं गाठ मारली, ओढून बघितली. “व्हय. सोमवार व्हता.” तिच्या आवाजात राग असता तर शुभांगीला सोसला असता.

“कुठं जाणार आता? सूसला? महाळुंग्याला? मी येईन भेटायला.”

“नगं. सांगितलं तर तुमच्या घरातनं कुटंतरी लिवलं जाईल.” डबा मात्र तिनं घेतला. “पोरीला आवडत्यात.”

पुढच्या सोमवारी शुभांगीनं अंघोळ केली, पिंडीवर पाणी घातलं. निरंजनची गटाची बैठक होती, दोन्ही गट पुन्हा जोडायची. या वेळी कानांवर हेडफोन नव्हता, आवाज घरभर. “माझ्याच घरात जे घडलं,” तो सांगत होता, “त्यातून आपण शिकायला हवं, कॉम्रेड्स. त्या भगिनी आजही लढतायत...”

“नाही लढत,” शुभांगी त्याच्यामागे उभी राहून म्हणाली.

निरंजन वळला. सोमवारी दिवसाउजेडी तिचा आवाज त्यानं वर्षानुवर्षं ऐकला नव्हता.

“बाकीच्यांनी माफी मागितली. गौतमी गेली. ह्यांनी फोटोतून देव कापला आणि चेहरे ठेवले. मला दिसत होतं, मी गप्प राहिले. तुमच्यातलं कुणी तिला...”

“आवाज येतोय मागून,” टोरांटो म्हणाला. “कॉम्रेड निरंजन, घरचा आवाज बंद करता का जरा? विषयपत्रिका मोठी आहे.”

निरंजननं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत विनवणी होती, माफीही असेल. अंगठा मात्र आपसूक खाली गेला आणि पडद्यावरचं माइकचं चित्र लाल झालं.

शुभांगीनं चपला घातल्या आणि जिना उतरली. मागच्या ओळीत गौतमीच्या खोलीला पांढरा रंग लावत होते; बिहारकडची दोन पोरं नवी यायची होती. ओट्यावर सारजाबाई परडीत बेल निवडत बसल्या होत्या, तीन पानांचा अखंड तेवढा बाजूला काढत.

“ये गं,” त्या म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता बोलत राहिल्या. सोमवारी शुभांगीशी सगळे असंच बोलायचे. “आज लई ग्वाड बेल मिळालाय बग, एक बी फाटका न्हाई.”

“काकू, गौतमी कुठं गेली?”

सारजाबाईंचा हात थांबला. “आगं बया! सोमवार हाय की आज. बोलतीस काय?”

“बोलते. गौतमी कुठं गेलीय, तुम्हाला ठाऊक असेल. काकांनी आसपासच्या सगळ्या कंत्राटदारांना तिचं नाव कळवलंय म्हणतात. ती कुठं गेली?”

सारजाबाईंनी आत दाराकडे पाहिलं. हैबतराव फोनवर कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होते. सारजाबाईंनी निवडलेला बेल ओंजळीत घेतला, शुभांगीच्या पदरात घातला आणि मान खाली घालून पुन्हा पानं निवडायला लागल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.