लोहपंखाच्या गालांवरची लाली

"ताई, मेलेल्या माणसाच्या गालांवर लाली कुठून आली?"

संपादकाने पान टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. आवाजात राग नव्हता, पण अंक आजच छापायला जायचा होता आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता. पानावर चित्रकथेचा नायक लोहपंख मरून पडला होता. पंख मोडलेले, मुखवटा बाजूला गळून पडलेला, चेहरा मात्र असा टवटवीत की हाक मारली तर ओ देईल.

"हात बसलाय हो," रंगवाली म्हणाली. "इतकी वर्षं त्याला हाच रंग लावतेय."

"ते खरं. पण वाचकांना वाटेल, झोपलाय. आता उठायचं नाहीये त्याला."

लोहपंख आजवर कड्यावरून पडला होता, समुद्रात बुडाला होता, एकदा तर तोफेच्या तोंडी गेला होता, आणि दर वेळी पुढच्या महिन्यात स्वारी हजर. पण खप घसरला तसं मालकांच्या डोक्यात आलं की हा आता म्हातारा झाला. याला मारावं आणि पंख एका नव्या नायिकेला द्यावेत. म्हातारा! तो बापडा पस्तिशीच्या पुढे एक दिवस गेला नव्हता. म्हातारी झाली होती ती रंगवाली.

कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं, पण लोहपंख पहिल्यांदा काढला तो तिच्या नवऱ्याने. समोर बसायला माणूस मिळेना, म्हणून त्याने दाढीचा आरसा टेबलावर ठेवला, स्वतःचंच थोबाड काढलं आणि वर मुखवटा चढवला. "नाहीतर रस्त्यात पोरं मागे लागायची," म्हणायचा. पुढे तो आजारी पडला आणि गेला. चित्रकार येत राहिले, जात राहिले, पण सगळे त्याच्याच नमुन्यावरून काढत. मुखवट्याखालची ती खळीची हनुवटी दर महिन्याला तिच्या टेबलावर यायची आणि ती तिच्यात रंग भरायची. लोकांची गेलेली माणसं भिंतीवर फोटोत अडकून पडतात. तिचं माणूस दर महिन्याला गावावरून उडत होतं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. सगळे हळहळले असते, आणि हळहळणाऱ्यांच्या देखत काम होत नाही.

या खेपेला नव्या चित्रकार मुलीने जुन्या कागदांतून पहिला नमुना शोधून काढला आणि अख्खा चेहरा उतरवला. पोरीचा हात चांगला होता, हेच वाईट झालं. रंगवालीने पान उघडलं आणि समोर तोच. हात बसल्याचं निमित्त खोटं होतं. त्याला मेलेला रंगवायला तिचं मन धजावलं नव्हतं.

"मुखवटा राहू दिला तर?" तिने विचारलं.

"अहो, चेहरा दिसणार म्हणून तर लोक अंक घेणार!"

"कुणाचा चेहरा आहे, हे त्यांना काय कळणार?"

"कुणाचा म्हणजे? लोहपंखाचा."

शब्द अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले. "हो," ती म्हणाली. "त्याचाच."

संपादक जरा घुटमळला. "तुम्हाला जड जात असेल तर राहू द्या. दुसऱ्या कुणाकडून करून घेतो."

तिने झटकन पान स्वतःकडे ओढलं. "नको, नको. परक्या हातात नको. मीच करते."

आपल्या टेबलाशी येऊन तिने ओला कुंचला हळूहळू फिरवत गालांवरची लाली उतरवली. राखाडीत किंचित निळा मिसळला. कुठून सुरुवात करायची ते तिला कुणी सांगायला नको होतं. दवाखान्यात ती रात्रभर त्याच्या उशाशी बसली होती. आधी कान, मग ओठ, मग नाकाच्या कडा. खळीपाशी आल्यावर मात्र तिला रडू आवरेना. पानावर थेंब पडू नये म्हणून तिने खुर्ची मागे सरकवली, पोटभर रडून घेतलं, डोळे पुसले आणि खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

छापखान्याचा माणूस दारातूनच म्हणाला, "झालं का ताई? द्या लवकर, वर यंत्र थांबलंय."

"ओलं आहे अजून."

"मग पंख्याखाली धरतो की दोन मिनिटं."

"नको," ती म्हणाली. "आपोआप वाळू दे. तोवर मी बसते त्याच्याजवळ."

तो पान घ्यायला पुढे आला. पण त्याने पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि स्टूल ओढून तोही बसला.