अकरा मिनिटांच्या चाचण्या

अकमरालची सासू नातीला, झेरेला, घेऊन उन्हाळ्यापुरती खोऱ्यातल्या घरी गेली होती. डोंगरावरचं, हिमनदीच्या पाण्याचं तळं फुटलं तर खोऱ्यातल्या चारशे घरांच्या फोनवर इशारा धाडणारी यंत्रणा अकमरालच्याच ऑफिसात बनत होती. तरी तिच्या जिवाला घोर होताच.

नवी आवृत्ती चढवायची तर एक आज्ञा दिली की पुरे. मशीन सगळं जुळवायचं, चाचण्या घ्यायचं, आणि सगळ्या पार पडल्या तरच आवृत्ती चालू करायचं. सरावासाठी यादीत ऑफिसातले तीनच नंबर असत. शेवटची चाचणी एवढंच बघायची, की त्यांच्या जागी गावाची यादी परत आली ना.

"अजून किती?" ऑफिसचे साहेब, सेरझान अगाय, यांनी दारातूनच विचारलं. नवी आवृत्ती बघायला आलेले खात्याचे पाहुणे आत चहा घेत होते.

"अकरा मिनिटं, अगाय."

"तेवढ्यात ते चहाबरोबरचे तळलेले बाउर्साक संपवून उठतील! चाचण्या वगळ."

"आणि यादी?"

"तूच बदललीस ना सकाळी?"

"हिचा स्वतःवर भरवसा नाही, मशीनवर आहे," शेजारचा दाउलेत हसला.

बदलल्यासारखं आठवत होतं. अकमरालनं स्वतःच्या हातानं चाचण्या वगळल्या.

पाहुणे खूश होऊन गेले. पाऊण तासानं तिचा फोन किंचाळला. 'तळं फुटलं. ताबडतोब उंचावर जा.' लागलीच दाउलेतचा वाजला, मग अगायचा. यंत्रणा चालली म्हणून क्षणभर तिला बरंच वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, तीनच फोन वाजले होते.

दाउलेत यादी बदलायला धावला. तिनं खोऱ्यात सासूला फोन लावला.

"आपा, इशारा आला?"

"कसला गं? इथं शेजारची कुल्याश आलीये, आम्ही..."

"झेरेला उचला! टेकडीवर जा! पूर येतोय!"

"थांब, कुल्याशची सून खाली ओढ्यावर आहे, हाक मारून..."

"कुणाला हाक मारू नका!" अकमराल ओरडली. "आधी माझी पोर!"

गावाला इशारा सहा मिनिटांनी गेला.

टेकडीवर पोचायला अकमरालला रात्र झाली. आपांनी चिखलानं माखलेली झेरे तिच्या हातात दिली. पलीकडे कुल्याश खाली काळोखात बघत बसली होती. तिच्या सुनेचा पत्ता नव्हता.

"तुला आधी कसं कळलं, हे ती मघापासून विचारतेय," आपा हळूच म्हणाल्या. "मी काही बोलले नाही. जा, तूच सांग."